टायब्रेकचे लाडू

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांचा मला हेवा वाटतो. त्यांना निदान ओरडता येतं. "अरे, पळ ना!" करून घसा बसवता येतो, पंचाच्या नावानं बोटं मोडता येतात. बुद्धिबळ खेळणाऱ्या पोरांच्या पालकांच्या नशिबी यातलं काही नाही. फेरी सुरू व्हायची वेळ झाली की पंच माइकवरून सांगतात, "पालकांनी कृपया हॉल रिकामा करावा." मग जरा दरडावून, "पालकांनी!" तरी एक बाबा मागे उरतातच. ते लेकाची खुर्ची पटाच्या बरोबर मध्ये सरकवत असतात. त्यांनाही बाहेर काढलं की दार लागतं.

रविवारच्या या स्पर्धा पुष्कळदा मंगल कार्यालयात असतात, त्यामुळे आम्हाला बसायला मिळते ती खोली 'वधूपक्ष' अशी पाटी असलेली. पाटी अगदी योग्य आहे. आत काय चाललंय ते कळत नाही, आपलं काही चालत नाही, आणि दार करकरलं की सगळे उठून उभे राहतात.

मला स्वतःला घोडा अडीच घरं चालतो, इतपतच येतं. खोलीतल्या बाकीच्यांचं ज्ञान अफाट. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघानं 2024 च्या मार्चमध्ये रेटिंगची खालची मर्यादा 1000 वरून 1400 वर नेली, ते बरं झालं की वाईट, यावर दोन बाबा तिसऱ्या चहापर्यंत भांडू शकतात. दोघांच्याही मुलांना अजून रेटिंग मिळालेलं नाही.

मधूनच कुणी दिव्या देशमुखचा विषय काढतं. 2025 च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून तिनं महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आईच्या गळ्यात पडून रडली, तो व्हिडिओ आमच्यातल्या प्रत्येकीनं पाहिलाय. खरं सांगायचं तर दिव्याकडे कमी आणि तिच्या आईकडे जास्त पाहिलंय. ही बाई नागपूरपासून किती बंद दारांबाहेर बसत बसत तिथवर पोचली असेल! वयानं मोठे असलेले एक आजोबा मग खाडिलकर भगिनींवर येतात. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली सुरू झाली आणि पहिली दहा वर्षं विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघींच्या घराबाहेर गेलंच नाही. आजोबांना त्यांच्या खेळाचं कौतुक. मला प्रश्न पडतो तो वडिलांचा. 'नवाकाळ'च्या नीळकंठ खाडिलकरांनी अग्रलेखांत भल्याभल्यांना झोडपलं, पण तिन्ही मुली एकाच स्पर्धेत उतरल्या की या गृहस्थानं देव पाण्यात ठेवायचे ते नेमके कुणासाठी?

दार उघडतं तो क्षण मात्र अवघड. पोरं एकेक करून बाहेर येतात आणि आम्ही त्यांचे खांदे वाचतो. "जिंकलीस का?" असं विचारायचं नाही, हे आता सगळ्यांनाच कळलंय, मुलांवर म्हणे दडपण येतं. म्हणून आम्ही विचारतो, "भूक लागलीय का गं?" हा प्रश्न आम्ही इतक्या काळजीनं विचारतो की मुलांना तो केव्हाच कळून चुकलाय. परवा एक चिमुरडी पाण्याची बाटली शोधत शांतपणे म्हणाली, "हरले. आणि भूक पण लागलीय."

पण हरलं म्हणून घरी जाता येत नाही. स्पर्धा स्विस लीग पद्धतीची, म्हणजे शक्यतो सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागणार आणि शेवटच्या फेरीपर्यंत सगळे खेळणार. अखेरीस गुण सारखे झाले तर टायब्रेक. त्यात बुकोल्झ नावाचा एक हिशेब असतो: तुम्ही ज्यांच्याशी खेळलात, त्यांच्या गुणांची बेरीज. बेरीज मोठी, त्याचा नंबर वर. थोडक्यात, आपल्या लेकीला ज्यानं धूळ चारली त्याचं उत्तरोत्तर भलं व्हावं, यातच आपलं भलं. संतांना जे जमलं नाही ते या बुकोल्झनं करून दाखवलंय.

मला हे कळलं तेव्हा तिसरी फेरी नुकतीच संपली होती. एका गुबगुबीत मुलानं लेकीचा वजीर खाल्ला होता, आणि मी त्याच्या आईकडे पाहायचंही टाळत होते. रेटिंगवाल्या बाबांनी मोबाइलवर तक्ता उघडून मला हिशेब समजावून सांगितला. मी तडक डबा घेऊन उठले. दोन्ही पोरं बाहेर पायरीवर पट मांडून तोच डाव पुन्हा खेळत खिदळत होती.

"घे बाळा, बेसनाचा लाडू. पुढच्या फेरीत पांढरी सोंगटी आहे की काळी?"

"काळी."

"मग दोन घे."