पुण्याच्या डॉक्टरची गाडी

एक जागतिक विक्रम आमच्या वऱ्हाडाच्या नावावर लागला होता. फक्त तो गाडीनं केलेला नव्हता, रस्त्यानं केला होता. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात डांबराचा ७५ किलोमीटरचा पदर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. भागाकार केला तर तासाला सातशे मीटर पडतात. वेगाचं हे मान ध्यानात ठेवूनच बार्शीटाकळीच्या माणसानं स्पोर्टी गाडीच्या नादी लागावं, असं आमचं नम्र मत आहे.

हे मत देण्याची वेळ भाच्यानं आणली. "मामा, साडेतीन लाखात सेकंडहँड घ्याची हाये. रोजचं अकोल्याले जाणं-येणं हाये. पण गाडी स्पोर्टी पायजे."

बार्शीटाकळी ते अकोला वीसेक किलोमीटर. ताशी ४० च्या सरासरीनं अर्धा तास लागतो, ५० च्या सरासरीनं २४ मिनिटं. म्हणजे वेगाची सगळी हौस मिळून एका खेपेला ६ मिनिटं वाचवणार. कापसाच्या हंगामात ही ६ मिनिटं एकच ट्रॅक्टर-ट्रॉली खाऊन टाकते, आणि ट्रॉलीतून सुटलात तर अकोल्यात शिरल्याबरोबर ऑटोवाले हिशेब चुकता करतात. बरं, गावाला रेल्वे स्टेशन आहे, अकोला-पूर्णा मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज होऊनही बरीच वर्षं झाली. पण आगगाडीच्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढता येत नाही.

तेव्हा गाडीच घ्यायची ठरली आणि प्रकरण रीतसर पानठेल्यावरच्या समितीकडे गेलं. या समितीत एकाकडेही चारचाकी नाही, त्यामुळे सल्ला निःपक्षपाती असतो.

पहिल्यानं सुचवली फियाट पालिओ, १.६ लिटरवाली. २००१ साली आली तेव्हा सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा. इंजिन शंभर हॉर्सपॉवरचं आणि तहान तेवढ्याच घोड्यांची. आज ती कवडीमोलानं मिळते. पण १५ वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि आरशाची काच फुटली तर ती शोधण्यात अख्खं वर्ष जातं. कंपनीनं भारतातलं दुकान २०१९ मध्येच आवरलं. अशी गाडी घेणाऱ्याला वाहनमालक म्हणत नाहीत, संग्राहक म्हणतात.

दुसऱ्याचा जीव अबार्थ पुंटोवर. २०१५ ची, आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला बनलेली, १४५ हॉर्सपॉवर. बाजूला विंचवाचं चित्र. "विंचू हाये भाऊ, विंचू!" एवढाच त्याचा मुद्दा होता. या विंचवाचं पोट जमिनीपासून १५५ मिलिमीटरवर. आता गतिरोधकाचं बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे २५ च्या वेगानं गाडी अलगद पार होते. आमच्याकडचा गतिरोधक इंडियन रोड्स काँग्रेस बांधत नाही, ज्याच्या दारात अपघात झाला तो बांधतो, रागाच्या भरात, उरलेल्या काँक्रीटमध्ये. त्याला उंची आहे, रुंदी नाही. त्यावर विंचवाची नांगी पहिल्याच दिवशी घासली जाते.

तिसऱ्यानं पोलो जीटी टीएसआय काढली. चाकणला बनलेली, दणकट, टर्बो इंजिन, दोन क्लचचा सात गिअरचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स. गाडी खरोखर गुणी. पण तो गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर गावातला मिस्त्री आधी हात जोडतो, मग पुण्याचा पत्ता देतो. बलेनो आरएसचंही नाव निघालं. एक लिटरचं टर्बो इंजिन, २०१७ ची. ती मुळात विकलीच कमी गेली, म्हणून जी मिळते ती विकणारा तिला वडिलोपार्जित शेत असल्यासारखी धरून बसतो.

शेवटी भाऊजी बोलले. भाऊजी म्हणजे भाच्याचे वडील, पैसे त्यांचे. "बोलेरो घे."

"बाबा, ते स्पोर्टी नाई न!"

"पांदणीत फसली तं वढाले कोन येईन? तुहा टर्बो?"

प्रश्न रास्त होता. पाणंद रस्त्यांसाठी सरकारनं मातोश्रींच्या नावानं योजना काढली आहे, पण काळी माती शासन निर्णय वाचत नाही. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेलं डांबरही तिच्याबरोबर वरखाली होतं. वऱ्हाडातला रस्ता म्हणूनच दर पावसाळ्यानंतर नवा असतो. जो खड्डा आपण पाठ केलेला असतो तो बुजतो आणि दहा पावलांवर दुसरा निघतो.

या खड्ड्यापुढे हॉर्सपॉवर कामाची नाही, रबर कामाचं आहे. अबार्थच्या टायरवर १९५/५५ लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर आणि रबराच्या भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. साध्या जुन्या स्विफ्टचा टायर १६५/८०, म्हणजे भिंत १३२ मिलिमीटर. फरक फक्त एका इंचाचा. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा लोखंडी रिम आणि गिट्टी यांच्यामध्ये उभं राहणारं तेवढं एकच इंच असतं. स्पोर्टी दिसायचं म्हणून लोक पदरचे पैसे घालून मोठी अलॉय चाकं बसवतात आणि हे इंच विकून टाकतात. मग वाकलेली रिम ठोकून घ्यायला अकोल्याला जातात. तेव्हा मात्र गाडी खरंच रोजच्या वापरातली होते.

खरी गंमत गाडी पाहायला गेल्यावर आली. भाऊजींची उभी हयात बैल पारखण्यात गेली. बैलबाजारात ते जोडीभोवती मुकाट्यानं एक चक्कर मारतात. जबडा उघडून दोन दाती की चार दाती ते पाहतात. खूर उचलतात, खांद्यावरची जुवाची खूण चाचपतात, चालवतात, वळवतात, बसवून उठवतात. मालक जे सांगतो ते ऐकतच नाहीत. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये बंदी आणली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं परवानगीचा कायदा वैध ठरवला, तोवरच्या सगळ्या काळात त्यांची नजर मोडली नाही. तेच भाऊजी गाडीसमोर उभे राहिले, दार उघडलं, हॉर्न दाबला आणि म्हणाले, "आवाज दमदार हाये."

दात गाडीलाही असतात. टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. ३२१७ म्हणजे २०१७ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. २०१७ च्या गाडीला चारही टायर २०२२ चे असतील आणि काट्यावर मात्र २८ हजार किलोमीटर दिसत असतील, तर काटा पुढे गेलेला नाही, मागे आणलेला आहे. क्लचच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत झालंय का ते बघा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा; शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाचा डाग असेल तर गाडी कुठल्या तरी पुरात पोहून आली आहे. इंजिन गार असताना सुरू करायला लावा. तुम्ही पोचायच्या आधीच विकणाऱ्यानं ते तापवून ठेवलं असेल तर का, ते विचारा.

पण हे विचारण्याआधी विकणाराच बोलू लागतो, आणि सगळ्यांचं पाठांतर एकच. "पुण्याच्या डॉक्टरची गाडी हाये साहेब. सिंगल हँड. फक्त घर ते दवाखाना." अकोल्यापासून वाशीमपर्यंत एमएच-१२ पासिंगच्या जितक्या गाड्या विकायला उभ्या आहेत, तितक्या पाहिल्या तर पुण्यात रुग्ण उरले नसावेत, सगळेच डॉक्टर. आणि या डॉक्टरांचे दवाखाने घरापासून कमालीचे जवळ आहेत. एजंटाला म्हणावं, २०२५ च्या सप्टेंबरात छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आता जुनीचाही भाव उतरव. तो म्हणतो, "नव्याचा उतरला साहेब, ही तं डॉक्टरची हाये."

डॉक्टरांवर विश्वास असावा, पण कागदांच्या बाबतीत नसावा. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन गाडी आपल्या नावावर होईपर्यंत नोंदीतला जुना मालकच मालक असतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं अपघाताची भरपाईसुद्धा त्याच्याच माथी मारली आहे. म्हणून विकणाऱ्यानंही "होईन नं नावावर, घाई काय हाये" म्हणू नये. विम्यातली नो क्लेम सवलत माणसाची असते, गाडीची नसते. ती डॉक्टरबरोबर पुण्यालाच राहते. थकलेली ई-चलनं मात्र नेमकी गाडीबरोबर येतात.

मग स्पोर्टीपणाचं काय? तो गावातल्या सजावटीच्या दुकानात मिळतो. काचेला काळी फिल्म लावता येते. तिला २०१२ पासून मनाई आहे, म्हणूनच ती लावायला गर्दी असते. ४१४१ नंबर 'दादा' वाचला जाईल असा काढून घेण्याची सोय होती, पण उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाल्यापासून कित्येक दादा एका रात्रीत चार हजार एकशे एक्केचाळीस झाले. उरला सायलेन्सर. तो बदलला की गाडीचा वेग तेवढाच राहतो, फक्त ती येतेय हे अकोल्याच्या पोलिसांना आधी कळतं.

आम्ही भाच्याला एकच चाचणी सांगितली. मे महिन्यातली दुपार, पारा पंचेचाळीसच्या घरात. पुढे भाऊजी, मागे ताई, आजी आणि शेगावला निघालेली शेजारीण. डिक्कीत सरकी ढेपेचं पोतं आणि फवारणीचा पंप. एसी पूर्ण चालू. एवढ्यानिशी गाडी पिंजरच्या रस्त्याला काढायची, चार गतिरोधक ओलांडायचे, शेताच्या तोंडापर्यंत जाऊन वळवून आणायची. कुठे घासली नाही, कुठे तापली नाही आणि आजी काही बोलली नाही, तर तीच गाडी घ्यायची. विकणारा या फेरीला नाही म्हणाला, तर व्यवहार तिथेच संपवायचा.

सात जण नाही म्हणाले. आठवा हो म्हणाला. त्याच्याकडे पांढरी, पेट्रोलवरची, २०१४ ची साधी स्विफ्ट होती. गावातला कुठलाही मिस्त्री तिचं इंजिन बोलता बोलता खोलतो आणि पार्ट अकोल्यात त्याच दिवशी मिळतो. भाच्यानं तोंड पाडून ती घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या काचेवर 'टर्बो' असं लाल अक्षरात चिकटवून टाकलं. आम्ही हरकत घेतली नाही. सगळ्या स्पोर्टी सामानात रस्त्याला न घासणारं तेवढंच होतं.

तीन-चार वर्षांनी तो ती विकायला काढेल, तेव्हाचा मजकूर त्यानं आतापासूनच तयार ठेवला आहे: "बार्शीटाकळीच्या मास्तरची गाडी, फक्त शेगावले जायची." भाचा मास्तर नाही. पण पुण्याचं गिऱ्हाईक कुठे चौकशी करायला येणार आहे?