आठशे भागीदार

परभणी जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाच्या कानावर एक म्हण बारशापासूनच पडते : जगात जर्मनी, भारतात परभणी. ती कौतुक आहे की टोमणा, याचा निकाल अजून लागलेला नाही. जिंतूर-परभणी रस्त्यावरच्या आमच्या बोरीत ती दोन्ही अर्थांनी चालते. पोरीचा बारावीचा निकाल लागला की एका अर्थानं, आणि मोटारसायकल खड्ड्यात गेली की दुसऱ्या.

एका बाबतीत मात्र जर्मनी आणि परभणीत फार अंतर आहे. लोकांची माहिती सांभाळायचा जगातला पहिला कायदा जर्मनीतल्या हेसन प्रांतानं १९७० साली केला. बोरीत लोकांची माहिती तेव्हा पारावर सांभाळली जायची, आणि अजूनही तिथंच सुखरूप आहे. तुम्ही एस्टीतून उतरून पिशवी खांद्यावर नीट करेपर्यंत पहिला प्रश्न येतो, "कोणाकडं जायलाव?" तुम्ही नाव सांगता. "मंग पोरगी बगायला आलाव का?" नाही म्हणालात तर जमिनीच्या वाटणीसाठी आलात असं धरलं जातं. चहा येईस्तोवर तुमचा पगार, साखरेचं दुखणं आणि धाकट्या भावाशी बोलणं बंद असल्याची हकीकत गावजमा झालेली असते. कुणी तुम्हाला 'मान्य' आणि 'अमान्य' अशी दोन बटणं दाखवत नाही.

त्यामुळे शेजारच्या नानांच्या मोबाईलवर सोयाबीनचा भाव बघताना पहिल्यांदा 'आम्ही आणि आमचे भागीदार कुकीज वापरतो' अशी पाटी आली, तेव्हा ते हुरळून गेले. "सर, हे तर इचारायलंय की! कोन इचारतंय हो आपल्याला?"

नाना सत्तरीचे. मी गावातल्या शाळेत शिकवतो म्हणून जगातल्या कुठल्याही यंत्राचा जाब ते मलाच विचारतात. मग मी त्यांना इतिहासापासून धरलं. वेबसाईट मुळात विसरभोळी. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तुम्ही कोण हे तिला आठवत नाही. म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली नावाच्या माणसानं तोडगा काढला : साईटनं आपल्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर एक क्रमांक, आणि पुढच्या खेपेला ब्राउझरनं ती आपण होऊन दाखवायची. तीच कुकी. ती नसती तर ऑनलाइन दुकानात साडी निवडून पैसे भरायच्या पानावर गेल्यावर साडीच गायब झाली असती.

"मंग यात वाईट काय?" नाना म्हणाले.

इथवर काहीच नाही. आमच्या किराणा दुकानदाराला ठाऊक असतं की नाना तूरडाळ घरची खातात, पण चहापत्ती महिन्याला बदलतात. ते त्याच्या उधारीच्या वहीत असतं, आणि वही त्याच्या गल्ल्याखाली. पण समजा एकच अनोळखी माणूस किराण्यात, मेडिकलवर, सलूनमध्ये, कृषी केंद्रात, सगळीकडे कोपऱ्यात स्टूल टाकून बसलाय. प्रत्येक दुकानदाराला त्यानं जागेचं भाडं दिलंय. तुम्ही मेडिकलवरून कोणती गोळी घेतली आणि कृषी केंद्रातून किती उधारीवर बियाणं उचललं, हे तो एकाच वहीत टिपतो. ही झाली परक्याची कुकी, म्हणजे थर्ड पार्टी. आणि गावच्या पारात नि त्याच्यात फरक हा, की पारावरच्या माणसाला आपण उलट विचारू शकतो, "तुमच्या जावयाचं काय झालं हो?" तो गप्प बसतो. या स्टूलवाल्याचा जावई कोण, हे आपल्याला कधीच कळत नाही.

नानांना हे पटलं. मग त्यांनी पाटीवरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली आणि ओरडलेच. भागीदारांचा आकडा आठशेच्या वर होता. "आठशे? आम्ही चार भाऊ वाटेकरी, तर बांध कोरता कोरता जिंतूरच्या कोर्टात गेलो!"

मला मात्र त्या आठशे भागीदारांचीच दया आली, कारण नानांच्या घरात स्क्रीनटच मोबाईल एकच. कुकी ओळखते ती ब्राउझरला, माणसाला नव्हे. पहाटे नाना त्यावर बाजारभाव बघतात. मग सूनबाई ब्लाऊजचे मागचे गळे बघतात. दुपारी नात नीटचे जुने पेपर सोडवते. नानी माईकचं बटण दाबून "गुडगे लै दुकायलेत" एवढंच सांगतात आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवून देतात. रात्री नातू बंदुकांच्या खेळात असतो. आठशे कंपन्यांच्या वहीत या सगळ्यांचा मिळून एकच माणूस तयार होतो : गुडघे धरून, मागं खोल गळ्याचं ब्लाऊज घालून, सोयाबीन विकून डॉक्टर होऊ पाहणारा, आणि रात्री माणसं मारणारा. त्याला काय विकावं हे परदेशातल्या संगणकाला उमगत नसणार. म्हणून तो कधी तणनाशक दाखवतो, कधी मेहंदीचे कोन. एकत्र कुटुंबपद्धतीचा हा फायदा समाजशास्त्राच्या पुस्तकात कुणी लिहिलेला मला आढळला नाही. अर्थात जो तो आपापल्या गूगलच्या खात्यात शिरून बसला की ही गंमत बरीचशी संपते, आणि ॲपमध्ये कुकीऐवजी फोनचा जाहिरातीसाठीचा वेगळा क्रमांक चालतो. तो नव्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पुसता येतो. पुसायला कुणी जात नाही.

कुकीचा खरा घोळ घरात नाही, ऑनलाइन सेंटरवर होतो. पीकविमा, शिष्यवृत्ती, अकरावीचा प्रवेश, सगळं तिथं. एका संगणकावर दिवसभर अर्धं गाव बसून उठतं. आपण लॉगिन केलं की साईट एक चिठ्ठी ठेवते, आणि ती तिथं आहे तोवर आपणच खुर्चीत बसलोय असं धरून चालते. आपण उठून, उसाचा रस पिऊन घरी आलो तरी. तालुक्यातल्या अशाच एका सेंटरवर नाना पीकविम्याचा फॉर्म भरायला गेले, तर आधीच्या गृहस्थांचा मेल उघडाच. नानांनी तो सावकाश वाचला. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, "जावयाची बदली रद्द झालीय बरं का. काळजी करू नका." गृहस्थांनी आभार मानून पोहे खाऊ घातले. लॉगआउट करावं किंवा उठताना कुकीज पुसाव्यात, हे दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

पुसणं सोपं आहे : ब्राउझरची तीन टिंबं, सेटिंग्ज, प्रायव्हसी. परक्याच्या कुकीज बंद करायचं बटणही तिथंच. सफारी आणि फायरफॉक्स त्या मुळातच अडवतात. गूगलनं २०२० च्या जानेवारीत सांगितलं होतं, क्रोममधूनही दोन वर्षांत काढू. मग तारीख पुढे गेली, परत गेली, आणखी एकदा गेली, आणि २०२४ च्या जुलैत बेतच रहित झाला. ज्याची कमाई जाहिरातीवर, त्यानं स्टूल उचलायचं तरी कशाला? आमच्याकडे अशा तारखांची सवय असल्यामुळे कुणी दचकलं नाही.

मी नानांच्या फोनमधल्या सगळ्या कुकीज पुसून दाखवल्या. घर हादरलं. सगळ्या साईट एकदम अनोळखी झाल्या. पासवर्ड नातीच्या वहीत, वही तिच्या मामाच्या गावी. ओटीपी यायचा तो पुण्यातल्या पोराच्या नंबरावर, आणि पोरगा रात्रपाळी करून झोपलेला.

नात मात्र शांत होती. ती आधीपासूनच खाजगी खिडकी वापरत होती, ज्याला इनकॉग्निटो म्हणतात. मी मनातल्या मनात तिचं कौतुक केलं. पुढे कळलं, तिला अमेरिकेतल्या कंपनीशी काही देणंघेणं नव्हतं. फोन परत केल्यावर चुलते हिस्ट्री चाळतात, एवढंच. पुण्याच्या वसतिगृहाची फी तिनं बघितली होती आणि घरात अजून विषय निघालेला नव्हता. इथं मला पारावरच्या बढाईचं थोडं ओशाळं वाटलं. खाजगी खिडकी चुलत्यापासून लपवते, कंपन्यांपासून फारसं नाही. परक्याच्या कुकीज अडवल्या तर कंपन्यांना त्रास, चुलत्याला काहीच नाही. आणि बोरीतल्या सतरा वर्षांच्या पोरीला आठशे भागीदारांपेक्षा एक चुलता जास्त जड जातो. त्याच्यासाठी बटण काढायला कुठली कंपनी धजावत नाही.

कायदा आपल्याकडेही आलाय. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. कंपनीला दंड अडीचशे कोटींपर्यंत, आणि खोटी तक्रार करणाऱ्यालाही दहा हजारांपर्यंत. हे दुसरं कलम वाचून पारावरची दोन-तीन माणसं उठून गेली. युरोपच्या न्यायालयानं तर २०१९ मध्ये, एका जर्मन कंपनीच्याच खटल्यात, आधीच टिक मारून ठेवलेल्या चौकटीला संमती मानायला नकार दिला. नाना म्हणाले, "जगात जर्मनी ते हेच का?"

आपल्या कायद्यातली एक तरतूद त्यांना सगळ्यात आवडली. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी, असं ती सांगते. म्हणजे मराठीतही. तेव्हापासून नाना इंग्रजी पाटी आली की तिला हात लावत नाहीत. मराठी असेल तर पारावर मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि 'प्राधान्ये व्यवस्थापित करा' असं आलं की थांबून विचारतात, "सर, म्हंजी घासाघीस चालतीय ना?" चालते म्हटलं की मांडी घालून बसतात, एकेक भागीदार उघडतात, बंद करतात, आणि तेवढ्यात सोयाबीनचा भाव उतरतो.