महानटपदाचे वतन

मुंबई सरकारने १९५० च्या कायद्यान्वये परगणा व कुलकर्णी वतने खालसा केली, पुढे १९६२ साली पाटीलकीचीही तीच गत झाली, आणि सनदा, इनामे, पानसुपारीचा मान व होळीची पहिली पोळी यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे करण्यात ज्या समाजाने आपली बुद्धी तीक्ष्ण ठेवली होती, त्याच्यापुढे आता भांडावे तरी कशासाठी, असा गहन प्रश्न उभा राहिला. सिनेमा वेळेवर धावून आला म्हणून निभावले. 'सर्वश्रेष्ठ चित्रपटनट कोण' हे असे एक वतन आहे की, ज्याचा मूळपुरुष अज्ञात, चतुःसीमा अनिश्चित आणि उत्पन्न शून्य असूनही ज्यावरचा दावा कोणताही वारस सोडावयास तयार नसतो, आणि ज्याचा निवाडा आजवर न झाल्यामुळे ते खालसा करण्याचे धाडस कोणत्याही विधिमंडळास होणे नाही.

या दाव्याची सुनावणी गणेशोत्सवातील परिसंवादात, लग्नाच्या पंगतीत, कर्जत लोकलच्या डब्यात आणि, कचेरीत काम फारच साचले असल्यास, कचेरीतही होते. ज्याच्या नावाने दावा लावावयाचा तो नट स्वतः कधीच हजर नसतो. त्याला समन्सही जात नाही. वकील मात्र वकीलपत्रावाचून आणि फीवाचून तावातावाने उभे असतात. साठी उलटलेले गृहस्थ दिलीपकुमारांची बाजू मांडतात, त्यांचे जावई अमिताभ बच्चन यांची, आणि जावयांचे चिरंजीव या दोघांखेरीज कोणाचीही. अधिकारक्षेत्राविषयी मात्र तिन्ही पिढ्यांत एकमत असते: हिंदी चित्रपटाची जेथे हद्द संपते तेथे अभिनयाचीही संपते. १९६० साली कैरो येथील महोत्सवात शिवाजी गणेशन यांना सर्वोत्कृष्ट नट ठरविण्यात आले, किंवा केंद्र सरकारने उत्कृष्ट नटासाठी सनद द्यावयाचे ठरविल्यावर ती सर्वप्रथम, १९६७ च्या चित्रपटांसाठी, कलकत्त्याच्या उत्तमकुमारांच्या हाती पडली, या गोष्टी दप्तरात असल्या तरी त्या परमुलखातील मिळकतीसंबंधीच्या म्हणून बाजूस ठेवल्या जातात.

आमच्या मते या दाव्यातील खरा कौतुकाचा भाग म्हणजे त्याचा पुराव्याचा कायदा. नटाने पडद्यावर काय केले हे फारसे कोणी विचारीत नाही. ते करण्यासाठी त्याने काय सोसले, याचा दाखला मागितला जातो. भाजी कशी झाली हे पाहण्याऐवजी चुलीच्या धुराने सुगरणीचे डोळे किती लाल झाले यावरून तिची चव ठरवावी, तशी ही रीत आहे. दिलीपकुमारांचे वकील म्हणून 'मुगल-ए-आझम' किंवा 'गंगा जमुना' यांच्यापासून आरंभ करीत नाहीत. 'कोहिनूर'साठी, पडद्यावरची बोटे तारांवर खरीच पडावीत म्हणून, ते सतार शिकले हा त्यांचा पहिला कागद. आणि शोकान्त भूमिका करून करून मनावर इतका परिणाम झाला की, तज्ज्ञ वैद्याने हलक्याफुलक्या भूमिका करण्याचा सल्ला दिला, हा दुसरा. वैद्यकीय दाखल्यापुढे प्रतिपक्ष नेहमीच गडबडतो. सदर दाखल्याची फलश्रुती म्हणून पुढे 'आझाद'मध्ये त्यांनी जो विनोद केला तो किती सफाईचा होता, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. कारण विनोद करताना काही दुखले असल्याची नोंद नाही.

बलराज साहनी यांचे प्रकरण याहून भक्कम. लाहोरला इंग्रजी साहित्याचे अध्ययन केलेला, शांतिनिकेतनात अध्यापन केलेला, लंडनमध्ये बीबीसीच्या ध्वनिक्षेपकासमोर बसलेला हा सुसंस्कृत गृहस्थ १९५३ च्या 'दो बिघा जमीन'साठी कलकत्त्याच्या रस्त्यांवर खरोखर रिक्षा ओढीत होता, हे वाक्य उच्चारले की, सभा क्षणभर आदराने स्तब्ध होते. रिक्षा ओढणारी माणसे त्या शहरात हजारोंनी होती आणि त्यांपैकी कोणासही महानट म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. तेव्हा ओढण्याखेरीज साहनींच्या चेहऱ्यावर आणखी काही तरी घडत असले पाहिजे, असे आम्ही एकदा नम्रपणे सुचवून पाहिले. सूचना कामकाजातून वगळण्यात आली.

काळ बदलला तसा पुरावाही अधिक शास्त्रशुद्ध झाला. १९८२ साली बंगळूरला 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांच्या पोटास जीवघेणी दुखापत झाली, तेव्हा निर्मात्यांनी चित्रपटात नेमक्या त्या जागी दृश्य गोठवून त्यावर तशी लेखी सूचना छापली. म्हणजे पंचनामाच कलाकृतीस जोडून दिला. त्यानंतरच्या पिढीने वजनकाटा आणला. 'दंगल'साठी आमीर खान यांनी वजन वाढविले आणि मग उतरविले, हे ज्या आकडेवारीनिशी सांगितले जाते, ती ऐकताना आपण नाट्यचर्चेस आलो आहो की, धान्यबाजारात, असा संभ्रम पडतो. नव्या नटांनी यातून योग्य तो बोध घेतला असून भूमिका जाहीर होताच ते प्रथम दाढी वाढवितात.

या कायद्याने सर्वांत मोठा अन्याय केला तो मोतीलाल यांच्यावर. त्यांच्या नावावर एकही कागद नाही. ते काही शिकल्याचे, सोसल्याचे, कुठे पडल्याचे ऐकिवात नाही. 'मिस्टर संपत'मध्ये त्यांनी एक आळशी, गोडबोल्या ठक असा उभा केला की, त्याला उसने पैसे देण्याची आपल्यालाही इच्छा व्हावी. बिमल रॉय यांच्या 'देवदास'मध्ये तर गंमतच आहे. त्यात दोन माणसे मद्यपान करतात: देवदास झुरतझुरत मरतो, आणि चुन्नीबाबू पिऊन झाल्यावर उपरणे सावरून पुढच्या बैठकीस जातो. फिल्मफेअरने पहिल्यास उत्कृष्ट नट आणि दुसऱ्यास उत्कृष्ट साहाय्यक नट ठरविले. मरण पावणारा मुख्य आणि निभावून नेणारा साहाय्यक, हा नियम आमच्या संसारात लागू नसला तरी आमच्या बक्षिसांत कायम आहे. अशोककुमारांचेही तेच. बॉम्बे टॉकीजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या तरुणाला १९३६ साली, ठरलेला नायक नाहीसा झाला म्हणून, पकडून कॅमेऱ्यासमोर उभे केले, आणि तो पुढे अनेक दशके हातात सिगारेट धरून इतक्या सहजतेने बोलत राहिला की, हा अभिनय करतो आहे अशी कोणाला शंकाच आली नाही.

आणि विष्णुपंत पागनीस? प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये, त्याच १९३६ साली, हे गृहस्थ तुकारामच झाले. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला हा नट वीणा घेऊन उभा राहिला आणि महाराष्ट्राने आपल्या मनातला जुना तुकाराम काढून टाकून त्या जागी याची स्थापना केली. व्हेनिसच्या परीक्षकांनी चित्रपटाची दखल घेतली. परंतु आमच्या परिसंवादात पागनिसांचे नाव निघाले की, कोणी तरी हमखास म्हणतो, 'छे, तो कुठे अभिनय होता!' म्हणजे अभिनय दिसला नाही म्हणून मोतीलाल बाद, आणि भूमिका खरी वाटली म्हणून पागनीस बाद. उलट, निळू फुले यांना पाहून खेडोपाडी बायाबापड्या बोटे मोडीत, तेव्हा तो शिव्याशापांचा कागद तरी नोंदीस लागला. सज्जन भूमिकांना तेवढीही सोय नाही.

दोन्ही दावेदारांना समोरासमोर उभे करून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा, असे ज्यांना वाटते त्यांनी पूर्वीचे दाखले पाहावेत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला; केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन्ही पक्ष आपापला गंधर्व जिंकल्याची खात्री करून घरी गेले. फंड तेवढा निर्विवाद जिंकला. १९४९ साली 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार व राज कपूर एकाच चौकटीत आले, आणि त्याचा निकाल अजून लागावयाचा आहे. १९५५ साली 'इन्सानियत'मध्ये दिलीपकुमार व देव आनंद यांना एकत्र आणताना निर्मात्यांनी झिपी नावाचा एक चिंपांझीही घेतला. त्या चित्रपटात सर्वांत कमी संकोचाने कोण वावरले, याविषयी आमचे मत निश्चित आहे. परंतु देव आनंद यांच्या त्यातील मिशीबद्दल आदर बाळगून आम्ही ते येथे देत नाही.

वास्तविक या तंट्याची व्यवस्था भरतमुनींनी फार पूर्वी करून ठेविली आहे. नटांमध्ये श्रेष्ठत्वाचा कलह उत्पन्न झाल्यास निवाडा कोणी करावा, यासाठी नाट्यशास्त्रात दहा प्राश्निक सांगितले आहेत: यज्ञवेत्ता, नर्तक, छंदःशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. ज्याचा जो विषय त्याने तेवढेच पाहावे: राजाने राजाची भूमिका, धनुर्धराने पवित्रा, गणिकेने प्रणयाचा व्यवहार. राजा आणि गणिका यांना एकाच बाकावर बसविणाऱ्या त्या ऋषीच्या निःपक्षपातीपणापुढे आम्ही नतमस्तक आहो. पुढे राज्ये गेली, यज्ञ थंडावले, वैयाकरणांस कोणी विचारीनासे झाले, आणि दहांपैकी आमच्या समित्यांवर केवळ राजसेवक उरला. तोच आता उरलेल्या नवांचेही काम पाहतो. त्याच मुनींनी प्रयोगाची सिद्धीही दोन प्रकारची मानली आहे. प्रेक्षक हसतात, वाहवा करतात, हुंदके देतात, ती मानुषी. आणि प्रेक्षागृह भरलेले असूनही जेथे शब्द नाही, गलबला नाही, ती दैवी. मोतीलालांच्या वाट्यास ही दुसरी आली असावी. परंतु शांतता दप्तरी कशी दाखल करावयाची? तिच्यावर शिक्का मारता येत नाही.

'नट' या सदरात नट्यांचा समावेश होतो की नाही, हा प्रश्न परिसंवादाच्या शेवटी, आभारप्रदर्शनाच्या आधी, कोणी तरी काढतो. दुर्गा खोटे, नूतन, स्मिता पाटील यांची नावे मग भराभर घेतली जातात आणि त्यांच्यासाठी निराळे खाते असल्याचे सांगून प्रकरण मिटविले जाते. केंद्र सरकारनेही आरंभी नटाच्या सनदेस 'भरत' आणि नटीच्या सनदेस 'ऊर्वशी' असे नाव दिले होते. कालिदासाची ऊर्वशी ही रंगमंचावर 'पुरुषोत्तम' म्हणण्याऐवजी 'पुरूरवा' म्हणून गेली, आणि संवाद चुकल्याबद्दल तिला शाप दिला तो याच भरताने. म्हणजे पुरुषांचे पारितोषिक शाप देणाऱ्या तालीममास्तराच्या नावे, आणि स्त्रियांचे शाप मिळालेल्या नटीच्या. वैजयंतीमाला यांनी 'देवदास'मधील चंद्रमुखीसाठी देऊ केलेले साहाय्यक नटीचे बक्षीस, आपली भूमिका पारोच्या तोडीची आहे म्हणून, नाकारले. खात्यांच्या या आखणीवर नोंदविलेली तेवढीच एक हरकत आम्हास ठाऊक आहे.

तथापि दोन्ही खात्यांत एकाच वेळी दावा लावू शकेल असा एक अर्जदार आहे, आणि तो सर्वांत जुना आहे. 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळके तारामतीच्या शोधात वणवण हिंडले. वेश्यावस्तीतील बायकांनीही सिनेमात उभे राहणे कमीपणाचे मानले. तेव्हा एका उपाहारगृहातील आचारी, अण्णा साळुंके, यांना त्यांनी लुगडे नेसविले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये रामाची भूमिका केली आणि सीतेचीही केली. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक वहाणा काढून ठेवीत, असे सांगतात. कथानकात पतिपत्नींची ताटातूट लवकर होते हे फाळक्यांच्या पथ्यावरच पडले असणार. आमच्या परिसंवादात एका जिज्ञासू गृहस्थांनी साळुंक्यांचे नाव रीतसर सुचविले होते. त्यावर अध्यक्षांनी, अर्जदाराने राम किंवा सीता यांपैकी एक नाव कमी करावे, कमी होणाऱ्या पक्षाची लेखी संमती सोबत जोडावी, आणि आचारी असताना हात भाजल्याचा काही दाखला असल्यास तोही सादर करावा, असा शेरा मारून अर्ज परत केला.