सन्माननीय 'एक खिडकी'स अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय एक खिडकी,
विद्यार्थी सुविधा केंद्र, प्रशासकीय इमारतीची मागील बाजू, सायकल स्टँडजवळ.

विषय : विद्यापीठाने दिलेला कागद विद्यापीठालाच आणून दाखविण्याबाबत.

महोदया,

खिडकी म्हणजे उजेड आणि वारा आत यावा म्हणून भिंतीत ठेवलेली जागा, असा या शब्दाचा घरगुती अर्थ असला, तरी महाराष्ट्राच्या विद्यापीठीय व्यवहारात त्याला निराळा पारिभाषिक अर्थ प्राप्त झाला असून, जिच्यातून कागद आत जातो आणि बाहेर 'उद्या या' एवढे दोनच शब्द येतात, ती खिडकी होय. विद्यार्थ्याला दहा टेबले हिंडावी लागू नयेत, हा 'एक खिडकी' योजनेमागील हेतू होता. प्रत्यक्षात दहाही टेबले जागच्या जागी राहिली आणि आपण अकराव्या म्हणून रुजू झालात.

आपले कूळ थोर आहे, हे मात्र मान्य केलेच पाहिजे. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसविणारे वसतिगृह उघडले, आणि त्या वसतिगृहाची चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, त्या परंपरेच्या आपण वारस आहात. फरक एवढाच की लक्ष्मीबाईंनी ताट वाढण्यापूर्वी कोणाकडे मागील वर्षाच्या गुणपत्रिकेची स्वयंसाक्षांकित प्रत मागितली नसावी.

आपल्या शेजारी नांदणाऱ्या इतर सुविधांविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. समुपदेशन कक्षाचे, म्हणजे मन खचलेल्या विद्यार्थ्याने ज्याचे दार ठोठवावे त्या खोलीचे, कुलूप क्रीडा विभागाकडील किल्लीने उघडते आणि क्रीडा विभाग सामन्यांसाठी परगावी असतो. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले, तेव्हा दारावर नवी पाटी लागली. किल्ली जुनीच राहिली. विद्यार्थी तक्रार निवारण समितीने पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2023 चे विनियम म्हणतात, परंतु पंधरा दिवस मोजायचे कोठून, हे अर्जावर आवकचा शिक्का बसेल तेव्हाच ठरते, आणि शिक्का ज्या कपाटात असतो त्याच्या वाटेवर पुन्हा आपणच उभ्या आहात. या सर्व कक्षांची छायाचित्रे, ठिकाण व वेळ उमटलेली, नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, पाचव्या निकषाखाली, म्हणजे 'विद्यार्थी साहाय्य व प्रगती' या मथळ्याखाली, स्वयंमूल्यमापन अहवालात व्यवस्थित लावलेली असतात, आणि त्या छायाचित्रांत सर्व दारे उघडी दिसतात.

खरे दुखणे शिष्यवृत्तीच्या अर्जाचे आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 1944 पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आज महाडीबीटी नामक शासकीय संकेतस्थळावरून मिळते. विद्यार्थी तेथे अर्ज भरतो, तो संस्थेतील लिपिकाच्या आणि प्राचार्यांच्या किंवा विभागप्रमुखांच्या 'लॉगिन'मधून पुढे सरकतो, समाजकल्याण कार्यालयाकडे जातो, आणि मंजूर झाल्यास रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यावर जमा होते. व्यवस्था कागदावर नेटकी आहे, आणि तिला बोनाफाईड नावाचा एक दाखला लागतो, म्हणजे अमुक विद्यार्थी आमच्याकडे खरोखरच शिकत आहे असे संस्थेने लिहून द्यावयाचे असते. आपल्या येथे हा दाखला पूर्ण शुल्क भरल्याची पावती दाखविल्याशिवाय मिळत नाही. शुल्क भरण्यासाठी शिष्यवृत्ती हवी, शिष्यवृत्तीसाठी दाखला हवा, दाखल्यासाठी शुल्क हवे. हे चक्र ज्याने आखले त्याची बुद्धी घाण्याच्या बैलामागे चालून तयार झाली असावी. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून आगाऊ शुल्क मागू नये, अशा सूचना शासन वारंवार काढते, आणि त्यांतील एक सूचना आपल्याच काचेवर आतल्या बाजूने चिकटवलेली आहे, अक्षरे आतल्या माणसाकडे तोंड करून.

गेल्या मुदतीच्या अखेरच्या सोमवारी पहाटेच्या एसटीने, महिलांना लागू असलेल्या अर्ध्या तिकिटात, पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी आपल्यापुढे येऊन उभी राहिली. आपल्या काचेला जे अर्धवर्तुळाकार भोक आहे ते कमरेच्या उंचीवर असल्यामुळे बोलणाऱ्याला वाकावेच लागते, आणि वाकलेल्या माणसाचा आवाज आपोआप विनंतीचा होतो, ही सुताराची करामत की कुलसचिवांची, हे कळण्यास मार्ग नाही. तिचा अर्ज 'त्रुटी' या शेऱ्यासह परत आला होता. त्रुटी अशी की पदवीच्या अंतिम वर्षाच्या गुणपत्रिकेची प्रत अस्पष्ट आहे. ती गुणपत्रिका याच विद्यापीठाने छापलेली होती, तिचा मूळ अभिलेख वरच्या मजल्यावरील परीक्षा विभागात होता, तीच डिजिलॉकरमध्ये, म्हणजे शासनाच्या अधिकृत डिजिटल कपाटात, विद्यापीठानेच चढविलेली होती, आणि तशा प्रती ग्राह्य धराव्यात असे अनुदान आयोगाने सर्व विद्यापीठांना कळविलेले होते. तिने मोबाईल पुढे केला. मोबाईल चालत नाही, झेरॉक्स आणा, असे उत्तर आले. झेरॉक्सच्या दुकानात वीज नव्हती. वीज आली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती, सुट्टी संपली तेव्हा 'सर्व्हर डाऊन' होता, आणि सर्व्हर उठला तेव्हा तिची शेवटची एसटी लागली होती.

हा गोंधळ नव्हे, दिरंगाईही नव्हे. स्वतःच्या कपाटातला कागद स्वतः उघडून पाहण्याचे कष्ट वाचावेत म्हणून शेतमजुराच्या मुलीला दीडशे किलोमीटर पळविणे हा निव्वळ निर्लज्जपणा आहे, आणि त्याला 'विद्यार्थी साहाय्य' म्हणणाऱ्यांनी तो शब्द उच्चारण्यापूर्वी एकदा त्या भोकासमोर वाकून उभे राहावे. ज्याच्या घरी शुल्काचे पैसे आहेत, ज्याचा काका याच इमारतीत अधीक्षक आहे, त्याला आपली गरज भासत नाही. ज्याला ती भासते, त्याच्याकडे पुन्हा येण्याचे भाडे नसते.

एवढे लिहिल्यावर एक गोष्ट दडविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्या सोमवारी 'उद्या या' म्हणणारा आवाज कोणा निर्ढावलेल्या लिपिकाचा नव्हता. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त असल्यामुळे आपल्यामागील खुर्चीवर 'कमवा आणि शिका' योजनेतील, म्हणजे तासाच्या हिशेबाने काम करून शिकणाऱ्या मुलांतील, एक विद्यार्थी बसविण्यात आला होता. त्याला लॉगिनचा पासवर्ड दिलेला नव्हता, शिक्का मारण्याचा अधिकार नव्हता, आणि कोणालाही कोणत्याही कारणासाठी सांगता येईल असे एकच वाक्य शिकविण्यात आले होते. संध्याकाळी त्याने काचेच्या आतूनच त्या मुलीला हळू आवाजात सांगितले की त्याचाही अर्ज दोन महिन्यांपासून याच शेऱ्यावर अडकलेला आहे, आणि तिची कागदपत्रे टेबलाच्या खणात, स्वतःच्या कागदांखाली, नीट ठेवून घेतली. त्याचे तेवढे तासही हजेरीपटावर लागले नसतील, कारण तेव्हा खिडकी बंद झालेली होती.

तेव्हा, महोदये, आपल्याविषयीचा राग आपल्यामागे बसलेल्या त्या मुलापर्यंत पोहोचू नये, अशी विनंती आहे. तो वरच्या मजल्यावर पोहोचवावा. जिना आपल्या डाव्या हाताला आहे, लिफ्ट फक्त अधिकाऱ्यांसाठी आहे.

कळावे,
रांगेतील क्रमांक 64

सोबत : विद्यापीठाने दिलेल्या गुणपत्रिकेची स्पष्ट झेरॉक्स, विद्यापीठाच्या माहितीसाठी, तीन प्रतींत.