सिकेटरवाले काका

सिकेटरवाले काका पुसदच्या बहुतेक कॉलन्यांत आढळतात. वय साठीच्या पुढे, निवृत्ती ताजी, पेन्शन वेळेवर. नोकरी कोणत्याही खात्यात झालेली असो, झाडांवर ते अधिकाराने बोलतात. वसंतराव नाईक याच तालुक्यातल्या गहुलीचे; १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते आणि त्यांच्या जन्मदिवशी, १ जुलैला, महाराष्ट्र कृषी दिन पाळतो. हा वारसा सातबाऱ्यावर आपल्याच नावाने चढला आहे, असं काका धरून चालतात.

“थे फांदी काहून ठेवली, भाऊ?” हा फाटकाबाहेरून येणारा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर येईपर्यंत फांदी खाली आलेली असते.

बारीक कामात काकांचा हात चांगला असतो. गुलाबाचा काप ते बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका घेतात. वाळलेलं आणि एकमेकांवर घासणारं आधी काढतात. मनगटाएवढी फांदी आली की मात्र धीर सुटतो. ती तीन कापांत उतरवायची असते: पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर खालून, अर्धवट, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, वजन गेलं की तिसरा, बुडाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता. काका एकच काप वरून घालतात. फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. मग बोर्डो पेस्टची आठवण होते: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचे, भांडं लोखंडाचं नको. हे प्रमाण त्यांना तोंडपाठ असतं. पेस्ट करायची कोणी, हे ते घरमालकावर सोडतात.

घोडं अडतं ते मुहूर्तापाशी. काकांची छाटणी झाडाच्या सवडीने होत नाही, काकांच्या सवडीने होते. त्यात अलीकडे मोबाइलवर हिमाचलचे बागवान दिसू लागले. तिथलं सफरचंद पानं गाळून थंडीत झोपतं, म्हणून त्याची छाटणी जानेवारीच्या सुमारास. काका ते पाहून त्याच आठवड्यात शेजारच्या आंब्याखाली शिडी लावतात. पुसदचा आंबा तेव्हा झोपलेला नसतो, मोहरावर आलेला असतो. मोहर येतो जुन्या, पक्व झालेल्या फांद्यांच्या शेंड्यांना. शेंडे उडाले की त्या साली रस बाजारच्या आंब्याचा. थंड देशांतल्या लायलॅकचं गणित असंच: पुढल्या वसंतातल्या कळ्या ते आदल्या उन्हाळ्यातच धरून ठेवतं, म्हणून फुलं सरताच कात्री लावायची, नंतर नाही. आंब्यालाही फळं उतरल्यावर, जूनच्या आसपास.

गुलाब आणि मोगरा उलट्या जातीचे, नव्या फुटीवर फुलणारे. त्यांना बहरापूर्वीच कापावं लागतं: गुलाब पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, मोगरा पाणी तोडून डिसेंबर-जानेवारीत. काका गुलाब दिवाळीच्या सफाईत उरकतात, त्यामुळे तो बहुधा वेळेवर होतो. याचं श्रेय ते पंचांगाला देत नाहीत. संत्र्याला मोठी छाटणी लागतच नाही. फळं तोडल्यावर सल काढायची आणि खोडावरचे पानसोट खुडायचे. एवढ्याशा कामात काकांचं मन रमत नाही.

त्यांना थेट नाही म्हणता येत नाही. वय असतं, शिवाय गॅसचा नंबर तेच लावून देतात. “काकाजी, आधी चहा घ्या” या वाक्याने बरेच आंबे वाचले आहेत. मुरलेली कुटुंबं मात्र परसात एखादी बोर राखून असतात. बोर फळं संपल्यावर एप्रिल-मेमध्ये पानं गाळते आणि नव्या फुटीवरच फुलते, त्यामुळे तिला जितकं निर्दयपणे कापावं तितकं चालतं. काका दिवसभर घाम गाळतात, संध्याकाळी समाधानाने घरी जातात आणि काटेरी फांद्या कुंपणाला लागतात.