खिडकीतून बघणारे सज्जन

नगर जिल्ह्यातल्या नियतकालिकांचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात 'ज्ञानोदय'पासून करावी लागते. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये तो नगरातून काढला, आमच्या आत्म्याच्या उद्धारासाठी. (पाट्यांवर आता अहिल्यानगर झालंय, तोंडातून अजून नगरच निघतं.) पण दिवाळीत इथल्या वाचनालयात नंबर लावला जायचा, तो उद्धारासाठी नव्हे. मधुकर पाटकरांच्या 'आवाज' या दिवाळी अंकासाठी.

कारण त्यातल्या खिडक्या. पानात चौकोन कापलेला. त्यातून दिसतं काय? समजा, तोंड वेंगाडलेली एक बाई, तिचा हात घट्ट धरलेला पुरुषी पंजा आणि खाली "अहो हळू, दुखतंय!" सभ्य गृहस्थ आधी आजूबाजूला बघतो, मग पान उलटतो. आत कासार बांगड्या भरत बसलेला! चावटपणा चित्रकाराने काढलेलाच नसतो. तो वाचकाच्या डोक्यातून घेतलेला असतो, तोही फुकट. कारागिरी मात्र पक्की हवी. कापलेला चौकोन मागच्या चित्रावर नेमका बसायला हवा, सूतभर सरकला की विनोद मेलाच.

आता दुसरा माणूस घ्या. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीचं कामसुख, सगळं सरळ छापलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. वाचकांनी घाबरत घाबरत विचारलेल्या प्रश्नांना डॉक्टरही देणार नाहीत अशी स्पष्ट उत्तरं. यात खिडकी नव्हतीच, दारच सताड उघडं. मग काय, खटले! त्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी वकीलपत्र घेतलं. तरीही कर्व्यांना दंड झालाच.

१९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या 'शामा' कथेपायी चंद्रकांत काकोडकरांनाही कोर्टाची पायरी चढावी लागली. सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं. तोवर सात दिवाळ्या गेल्या होत्या.

म्हणजे हिशेब साधा आहे. शरीराबद्दल सांगाल तर आरोपी, नुसतं सुचवाल तर दिवाळी अंक. पाटकरांवर माझा राग नाही, उलट मराठी मध्यमवर्गाची नाडी त्यांच्याइतकी कुणाला सापडली नाही. राग आहे तो खिडकीतून डोळे भरून बघून पुन्हा कर्व्यांना अश्लील ठरवणाऱ्या सज्जनांवर. आणि ते आजही शाळेत लैंगिक शिक्षणाचा तास म्हटला की पालकसभेत सगळ्यात आधी उभे राहतात.

कर्वे ऑक्टोबर १९५३ मध्ये गेले आणि त्यांच्यामागोमाग मासिकही थांबलं. सव्वीस वर्षं त्यांनी ते पदरमोड करून चालवलं होतं.