आजोबांचं कपाट आणि छोटा हत्ती

बदलापुरात राहायला येणाऱ्या कुटुंबाचा फ्लॅट नवा असतो, कर्ज नवं असतं आणि फर्निचर आजोबांचं असतं. गिरगावातली, दादरची, लालबागची खोली विकून माणसं इकडे आली. सामान विकायचं मात्र कुणाच्या जिवावर आलं. त्यामुळे नव्या इमारतीच्या दारात ‘छोटा हत्ती’ टेम्पो येऊन थांबला की सगळी बिल्डिंग गॅलरीत जमते. हत्तीवर दोरखंडाने बांधलेलं सागवानी कपाट असतं, आणि त्याच्या आरशात समोरची ‘पॅराडाइज’ नावाची इमारत हलताना दिसते.

आमचं कपाट लिफ्टमध्ये मावलं नाही. लिफ्टवर ‘सहा व्यक्ती’ असं लिहिलेलं होतं आणि वॉचमनच्या मते कपाट सहा व्यक्तींपेक्षा हलकंच होतं. पण सहा व्यक्ती लोकलच्या सवयीने हव्या तशा वाकतात, अंग चोरतात. कपाट गिरगावातलं. ते कुणासमोर वाकणार? जिन्यानेही जाईना. पहिल्या वळणावर अडकलं आणि वरच्या मजल्यावरचे काका दूध घ्यायला निघाले होते ते तिथेच अडकले. अशा प्रसंगी सल्ले भरपूर मिळतात. काकांनी जिन्यात बसून दिले ते सगळ्यांत सविस्तर होते.

शेवटी सुतारमामांना बोलावलं. मामा अंबरनाथचे. त्या गावात एके काळी विम्कोचा काडेपेट्यांचा मोठा कारखाना होता. लाकडाच्या काड्या करून देशभर जाळायला पाठवणाऱ्या गावात राहून या माणसाने लाकूड वाचवायचं व्रत घेतलंय. त्यांनी कपाटावर बोटाने टकटक केलं, आत डोकं घातलं आणि म्हणाले, “हे उचलायचं नसतं, उघडायचं असतं.”

मग आम्ही आमचं कपाट पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यात खिळा जवळजवळ नव्हताच. एका फळीचं टोक दुसरीच्या खाचेत बसवलेलं आणि आरपार लाकडी खुंटी. मामांनी खुंट्या ठोकून बाहेर काढल्या आणि बघता बघता कपाटाच्या फळ्या झाल्या. फळ्यांच्या आतल्या बाजूला जुन्या सुताराने पटाशीने केलेल्या खुणा होत्या: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. कुठली फळी कुठे बसते ते त्याने पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलं होतं. हल्ली फ्रीजबरोबर सोळा भाषांतलं माहितीपत्रक येतं, पण इतकं समजत नाही.

फळ्या वर आल्या. आता त्यांचं काय करायचं यावर घरात बैठक बसली. पुन्हा कपाट उभं करायचं तर बेडरूममध्ये आडवी तुळई आडवी येत होती. मामांनी हिशेब सांगितला: टीव्हीखालचं बैठं कपाट, एक देव्हारा आणि चपलांचं स्टँड.

“माझ्या सासऱ्यांच्या कपाटात चपला?” आई म्हणाली.

“आई, आता ते कपाट नाही, लाकूड आहे.”

“लाकूड कुणाचं?”

यावर मामांनीच तोडगा काढला. वरच्या खणाच्या फळ्या, जिथे शालू आणि पोथ्या असायच्या, त्या देव्हाऱ्याला. खालच्या खणाच्या फळ्या, जिथे आजोबा स्वतःच पंपशू ठेवायचे, त्या स्टँडला. आईला हे पटलं. सोवळंओवळं पाळून केलेला पुनर्वापर मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तेवढ्यात लेकीने शाळेतलं ज्ञान बाहेर काढलं. वाळलेल्या लाकडाच्या वजनातलं साधारण निम्मं वजन कार्बनचं असतं, आणि लाकूड जाळलं किंवा कुजलं नाही तोवर तो कार्बन त्यातच राहतो. आईने शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे मी एवढी वर्षं पुसत होते ते प्रदूषण?” लेक म्हणाली, “नाही आजी, तू ते बाहेर पडू दिलं नाहीस.” तेव्हापासून आई जुन्या पाटाबद्दलही त्याच अधिकाराने बोलते आणि माळ्यावरची एकही वस्तू टाकू देत नाही. पर्यावरणाचं निमित्त मिळालेल्या चिकटपणापुढे कुणाचं काही चालत नाही.

बिजागऱ्या, मुठी आणि पॉलिशचं सामान आणायला उल्हासनगरला गेलो. फर्निचर बाजारात शिरताना खिशात हात घट्ट ठेवावा लागतो, कारण प्रत्येक सोफा ‘बसून तर बघा’ म्हणतो. “साईं, बसायचे पैसे नाहीत,” दुकानदार म्हणतो आणि चहा मागवतो. जुन्या लाकडाचा विषय काढला की मात्र कुठल्याही बाजारात एकच उत्तर मिळतं: “बर्मा टीक आहे.” ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून १९३७ साली वेगळा झाला, २०१४ साली त्या देशाने ओंडके परदेशी पाठवणंच बंद केलं, आपल्याकडे बर्मा टीकचा तुटवडा काही अजून जाणवलेला नाही.

तसं पाहिलं तर उल्हासनगरने आम्हाला पुनर्वापर शिकवावा हे योग्यच. हे गाव मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या पडल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्यात वसवलं गेलं. एकेका बराकीत पडदे टांगून कुटुंबं राहिली. १९४९ साली नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्ता सांगताना मात्र लोक अजून ‘कॅम्प दोन’, ‘कॅम्प चार’ असंच म्हणतात. जुन्या सामानातून उभं राहिलेलं एवढं मोठं गाव आपल्याकडे दुसरं दाखवा.

नव्या फर्निचरबद्दल माझं मत नदीने बनवलं. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरातल्या कित्येक घरांत शिरली, २०१९ च्या जुलैमध्ये पुन्हा आली. त्या वेळी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला फर्निचरचे ढीग लागतात. भुसा आणि गोंद दाबून केलेल्या बोर्डाची कपाटं पाणी पिऊन फुगतात, कडा उसवतात, स्क्रू धरायला आत काही उरत नाही. त्याला सुतारही हात लावत नाही. सागवानी पलंग मात्र सावलीत वाळवून, काचपेपर मारून, लाखेचं पॉलिश चढवून पुन्हा घरात जातात. काही काळ चिखलाचा वास येतो, एवढंच.

जुन्या फर्निचरचं सगळंच गोड आहे असंही नाही. ढेकूण वारसाहक्काने येतात आणि मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख नसतो. वाळवी लागलेली फळी टाकावीच लागते. मामांची मजुरी ऐकून सौ. म्हणाली की एवढ्यात नवं स्टँड आलं असतं. आलं असतं. पण ते मामांना उघडता आलं नसतं.

तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा सुताराला मारा. आणि नवंच घ्यायचं असेल, तर पुढच्या चकाकीवर जाऊ नका. खण ओढून बाहेर काढा, पाठीमागची फळी बघा आणि दुकानदाराला विचारा, “हे परत उघडता येतं का?” नाही म्हणाला तर चहा प्या आणि उठा. चहा तो देतोच.